पाने भिंतीवर राहिले, गाडी घरी आली

निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने मी फक्त वर्कशॉप लावत होतो. आधी जागा, मग गाडी, असा हिशेब. कमरेएवढं उंच, जाड लाकडी टेबल, त्यावर सहा इंची व्हाइस, गाडी उचलायला लिफ्ट. भिंतीवर प्लायचा फळा आणि त्यावर प्रत्येक पान्याचा आकार रेखून ठेवलेला, म्हणजे कोण जागेवर नाही ते लगेच कळावं. कॉम्प्रेशन गेज, व्हर्निअर, मल्टिमीटर, दोरीला बांधलेलं लोहचुंबक, सगळं कोरं करकरीत. ज्या दिवशी जुनी बुलेट 350 बघायला गेलो, त्या दिवशी यातलं काहीच बरोबर नव्हतं. खिशात फक्त पैसे होते.

जाहिरातीत लिहिलं होतं : आजोबांची गाडी, एकहाती, इंजिन कधी न उघडलेलं, इंजिन-चासी नंबर मूळचे. विकणारा तिशीतला, तोंडाने गोड. ‘काका, काका’ करत त्याने दहा मिनिटांत माझ्या वर्कशॉपची सगळी कथा काढून घेतली. काढून घेतली कसली, मीच सांगत सुटलो होतो. ही गाडी मी घेणार हे त्याला माझ्याआधी कळलं असणार.

मग त्याने किक मारून दाखवली. ॲमीटरचा काटा मध्यावर आणला, डीकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किक जराशी खाली घेतली, सोडली, आणि एकाच किकमध्ये गाडी धडधडू लागली. मी विरघळलो. इंजिनाला हात लावून बघायचं सुचलंच नाही. लावला असता तर चटका बसला असता, कारण मी पोचायच्या आधी त्याने ते चांगलं तापवून ठेवलं होतं. गरम इंजिनात पिस्टन फुगलेला असतो, सिलिंडरमधली फट कमी झालेली असते, त्यामुळे पिस्टनची खडखड दबते. सुरू व्हायला कुरकुरणं, पहिला निळा धूर, हे सगळं थंड इंजिनातच दिसतं. तेव्हा जुनी गाडी बघायला जाणार असाल तर ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं आधीच सांगून ठेवा, आणि पोचलात की बोलण्याआधी सिलिंडरला तळवा लावा. गरम लागली तर गाडी गार होईपर्यंत तिथेच बसा. त्याची चुळबुळ सुरू झाली तर तीही बघा.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-बावीस किका मारल्या. सुरू झाली तेव्हा पोटातून ठक-ठक येत होतं. ऑइल काढायला ड्रेन नट सोडला तर ते धारेने पडेना, मधासारखं लोंबत राहिलं. आवाज दाबायला त्याने इंजिनात भलतंच जाड ऑइल भरलं होतं. (हा नट सोडताना मी तो अर्धा गोल केला. या जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, आणि माझा सगळा संच मिलिमीटरचा. हे पाप मात्र माझं.)

हेड उतरवलं. ‘कधी न उघडलेल्या’ इंजिनातल्या पिस्टनच्या माथ्यावर 1.00 कोरलेलं. 1.00 म्हणजे मूळ मापापेक्षा एक मिलिमीटर मोठा पिस्टन. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 70 मिलिमीटर, म्हणजे हे 71 पर्यंत कापून झालेलं, आणि तरीही सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. आता स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवण्यावाचून गत्यंतर नाही. सिलिंडर काढून पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड धरून हलवला. बाजूला थोडा हलतो ते चालतं, वर-खाली अजिबात हलता कामा नये. हा वर-खाली टकटक वाजत होता, म्हणजे बिग एंड, रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, गेलेलं. टाकीला चुंबक लावलं तर एका बाजूने ते सरळ खाली पडलं. तिथे पत्र्यावर पुट्टीचा चांगलाच जाड थर होता.

इथपर्यंतचं मी सोसलं असतं. झीज दुरुस्त करायलाच तर ही हौस मांडली होती. पण हँडलच्या मानेवरचा रंग रिमूव्हरने काढला आणि पोटात गोळा आला. चासी नंबराखाली ग्राइंडरचे आडवे ओरखडे, आकड्यांची ओळ वाकडी, कुठला ठसा खोल तर कुठला उथळ, आणि शेवटच्या दोन आकड्यांमागे आधीच्या आकड्यांची पुसट सावली. कागदावरचा नंबर या सांगाड्यावर नंतर ठोकलेला होता. आयुष्यभर लोकांची व्हाउचरं तपासण्यात गेलं. खाडाखोड मला लांबून दिसायची. इथे नवा काळा रंग बघून मी ‘छान रंगवलीय’ म्हणालो होतो! कागदातला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो एवढं बघून भागत नाही. तो नंबर ज्या पत्र्यावर आहे त्यावरून बोट फिरवा, टॉर्च तिरपी धरा. बाकी सगळी गाडी जुनी आणि नेमकी तेवढीच जागा ताजी रंगवलेली असेल तर तिथूनच परत फिरा.

फोन केला. ‘काका, जुनी गाडी आहे, जुनी गाडी अशीच असते.’ चासीचं नाव काढताच फोन कट, आणि नंतर बंद. जाहिरात तोवर काढून टाकलेली. मी तिचा फोटो काढून ठेवला नव्हता, पैसे रोख दिले होते, आणि पावतीवर एकच ओळ : ‘गाडी आहे त्या स्थितीत दिली.’ ती ओळ त्याने माझ्याच पेनने लिहिली होती.

तक्रार दिली आहे. चासीची तपासणी होऊन उत्तर येईपर्यंत सांगाड्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय. त्यामुळे तो लिफ्टवर चादरीखाली आहे. इंजिनाच्या केसला मीही हात लावत नाही, त्यावरही नंबर आहेच. कार्ब्युरेटर तेवढा दोनदा उघडून साफ करून झाला.