फायफॉक्स: वारंवारता झकास, डेसिबल बेताचे, तरंगलांबी मात्र आपली आपण काढा

ध्वनीचा धडा आला की फळ्यावर नागमोडी रेघ येते आणि पोरांना वाटतं, हवा दोरीसारखी वरखाली हलते. प्रत्यक्षात हवा पुढेमागे हलते: कुठे दाटते, कुठे विरळ होते. संपीडन, विरलन हे शब्द पाठ असतात, चित्र मात्र दोरीचंच. त्यामुळे फायफॉक्स हे फोनवर प्रयोग करायचं ॲप शिकवणीत वापरायचं ठरवलं तेव्हा पहिली धास्ती हीच होती, की हे ॲपही तीच रेघ दाखवणार.

दाखवतंच. पण आडव्या अक्षावर मिलिसेकंद लिहिलेले असतात, आणि तिथेच माझं निम्मं काम होतं. म्हणजे हा आलेख जागेचा नाही, वेळेचा आहे. फोनच्या माइकपाशी हवेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलला, एवढंच तो सांगतो. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे आवर्तकाल, एका आवर्तनाला लागलेला वेळ. त्याला तरंगलांबी, म्हणजे जागेतलं अंतर, म्हणणाऱ्याला मी लगेच अक्षावर बोट ठेवायला लावतो.

ॲप जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं, २०१६ पासूनचं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. आत प्रयोगांची लांबलचक यादी आहे. मी फक्त आवाजाच्या भागाबद्दल बोलतोय.

ही रेघ दाखवणारा ऑडिओ स्कोप उघडून भाचीला ‘आ’ लावायला सांगितलं आणि मध्येच चित्र थांबवलं. तिच्या रेघेचा नमुना साधारण चार मिलिसेकंदांनी परत येत होता, माझ्या रेघेचा आठने. म्हणजे ती २५० हर्ट्झच्या आसपास, मी १२५ च्या, बरोबर एक सप्तक खाली. मग तिने त्याच पट्टीत ‘ई’ म्हटलं. अंतर तेच, पण रेघेवरच्या बारीक खाचाखोचा पार बदलल्या. आवाजात कोणत्या वारंवारता किती आहेत हे दाखवणारा स्पेक्ट्रम उघडला तर शिखरं पूर्वीच्याच जागी, २५०, ५००, ७५०, फक्त त्यांच्या उंच्या वेगळ्या. स्वराची जात, म्हणजे तो ‘आ’ की ‘ई’, कशात असते हे मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होतो!

आयामासाठी, म्हणजे रेघेच्या उंचीसाठी, गळा वापरू नका. मोठ्याने ओरडलं की पट्टीही नकळत चढते आणि दोन गोष्टींची गल्लत होते. नादकाटा घ्या. ४४० हर्ट्झचा काटा हळू वाजवा, मग जोरात वाजवा. रेघ उंच होते, पण २.२७ मिलिसेकंद काही हलत नाहीत. काटा रबरावरच आपटा. टेबलावर आपटलात तर सुरुवातीला मूळ वारंवारतेच्या साधारण सहापट जागी एक चोर शिखर उगवतं आणि लगेच विरतं. मुलांना ते फार आवडतं, मला धड्याच्या मधोमध नाही.

डेसिबलच्या बाबतीत हात आखडता घ्या. फोनचा माइक आधी जुळवून घेतल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, आणि काही फोन मोठा आवाज स्वतःच दाबतात. फरक मोजायला ठीक: दाबाचा आयाम दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढायला हवेत, तेवढे साधारण मिळतात. पण शेजाऱ्याच्या स्पीकरची तक्रार या आकड्यांवर करायला जाऊ नका.

तरंगलांबी स्क्रीनवर आयती कुठेच मिळत नाही. एक माइक एकाच जागी बसलेला, त्याला जागेतलं अंतर कळणार कसं? मी दुसऱ्या फोनवर टोन जनरेटरने १७१५ हर्ट्झचा सूर सोडला, तोंड भिंतीकडे. मग मोजणारा फोन भिंतीपासून सावकाश मागे घेतला. आवाज चढला, पडला, पुन्हा चढला. दर १० सेंटीमीटरला एक पड, आणि दोन पडींमधलं अंतर अर्धी तरंगलांबी, म्हणजे तरंगलांबी २० सेंटीमीटर. तिचा वारंवारतेशी गुणाकार केला की ३४३ मीटर प्रतिसेकंद, २० अंश सेल्सिअसला हवेत असतो तोच वेग. खोलीत सामान फार असेल तर पडझड पुसट होते. माझ्याकडे पुस्तकांचं कपाट आडवं येत होतं, मग मोकळी भिंत शोधावी लागली.

वेग थेट मोजायला ध्वनी-स्टॉपवॉच आहे. दोन फोन ५ मीटर लांब ठेवायचे, आधी एकापाशी टाळी, मग दुसऱ्यापाशी. पहिल्या टाळीने दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसरीने थांबतात. दोन घड्याळांतला फरक २९ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. तो जाण्यायेण्याचा मिळून असतो, म्हणून भागायचं १० मीटरला. सुरू होण्याची आवाजमर्यादा मात्र नीट बसवावी लागते. कमी ठेवली तर खुर्ची सरकली तरी घड्याळ पळतं, जास्त ठेवली तर लांबची टाळी त्याला ऐकूच येत नाही. वर्गात हा प्रयोग करायचा असेल तर ही मर्यादा मुलं यायच्या आधीच लावून ठेवा, आणि त्यांना सांगा की दरवेळी टाळी एकच, कडक.