सनमायकाची कड आणि मनगट: घरगुती आर्केड पॅनल जवळपास वर्षभर वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. अठरा मिलीच्या प्लायवर सनमायका चिकटवून घरी आर्केडचं, म्हणजे पार्लरमधल्या व्हिडिओ गेमसारखं, स्टिक आणि बटणांचं कंट्रोल पॅनल करणार असाल, तर हाताकडच्या कडेला टी-मोल्डिंगच (खाचेत ठोकून बसवायची पीव्हीसीची पट्टी) लावा. बाकीच्या तीन कडांवर पैसे घालवू नका, तिथे गोंदाने चिकटवायची दोन मिलीची पीव्हीसी एज बँड पट्टी पुरते.

हे मत दोन पॅनल वापरून बनलंय. मोठं पॅनल घरचं, दोन खेळाडूंचं, चारही बाजूंना काळं टी-मोल्डिंग. छोटं भाच्यासाठी केलेलं, एकट्याने खेळायचं, त्याला सगळीकडे एज बँड. दोन्ही गेल्या दिवाळीच्या सुमारास तयार झाली. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा सरला, आणि रविवारी जमणारी पोरं व त्यांचे बाप यांनी दोन्हींवर मनसोक्त हात चालवले.

कडेचा एवढा बाऊ का, हा प्रश्न मला आमच्या सुतारानेही विचारला होता. सनमायका म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून दाबलेले क्राफ्ट कागदाचे थर आणि वर मेलामाइनचा रंगीत कागद. सगळं मिळून साधारण एक मिली. कापली की तिची तपकिरी धार उघडी पडते, आणि ती चांगली बोचते. किचन ट्रॉलीवर हे खपून जातं, कारण तिथे मनगट टेकून कोणी अर्धा तास बसत नाही. इथे दोन्ही मनगटं नेमकी त्याच कडेवर असतात. स्ट्रीट फायटर २ मध्ये स्टिक पाव गोल फिरवून ठोसा दाबायचा म्हटला की डावा हात त्या धारेवर पुढेमागे घासतो. लहानपणी आमच्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मशीनच्या कडेला ॲल्युमिनियमची एल पट्टी ठोकलेली असायची. 'मुस्तफा' खेळून घरी आलो की मनगटावर काळा पट्टा उमटलेला, आणि आईला कुठे गेलो होतो ते सांगावं लागायचं नाही. (गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. आमच्यातल्या कोणी ते कधी उच्चारलं नाही.)

आता टी-मोल्डिंग. याची बाहेरची पट्टी किंचित गोलसर असते आणि मागचा दांडा कडेत पाडलेल्या खाचेत ठोकून बसवायचा. दांड्याला काटे असतात, ते लाकडाला धरतात. अमेरिकेतल्या जुन्या आर्केड कॅबिनेटना हेच असायचं, त्यामुळे मापं इंचात मिळतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिली. आपला १८ चा प्लाय अधिक १ मिलीची सनमायका म्हणजे १९. हा हिशेब इतका छान जुळतो की मुद्दाम ठरवल्यासारखा वाटावा. मात्र प्लाय घेताना व्हर्निअरने मोजा, बाजारातला '१८' नेहमी अठरा भरत नाही. आणि खालच्या बाजूलाही ०.८ ची लायनर शीट (मागच्या अंगाला लावायची साधी पातळ सनमायका) लावलीत तर जाडी १९.८ होते, मोल्डिंग कमी पडतं आणि सनमायकाची धार परत डोकं वर काढते. मी खालून सनमायका न लावता इनॅमल रंगाचे हात दिले. एका बाजूलाच सनमायका लावली की फळी वाकण्याची भीती असते हे खरं, पण पेटीला चारही बाजूंनी स्क्रूने आवळलेलं माझं पॅनल अजून सरळ आहे.

कामाचा क्रम महत्त्वाचा. बटणांची भोकं आधी प्लायला पाडून घ्या. मग सनमायका चिकटवा: रबरवाला फेविकॉल, एसआर ९९८, दोन्ही अंगांना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की बसवायचं. एकदा टेकली की सरकवता येत नाही, म्हणून मध्ये काठ्या ठेवून एकेक काढत जावं. मग राउटर मशीनला बेअरिंगवालं ट्रिम बिट (वाढीव सनमायका कडेलगत कापणारं पातं) लावून बाहेरची कड आणि भोकांची आतली कड दोन्ही साफ करायच्या. शेवटचा हात कानशीचा, आणि कानस फक्त खाली, प्लायच्या दिशेने चालवायची. वर ओढली की मेलामाइनचे टवके उडतात. हे सगळं झाल्यावरच मोल्डिंगची खाच पाडा, नाहीतर खाच एकूण जाडीच्या मध्यावर येत नाही आणि मोल्डिंगचा एक ओठ सनमायकाच्या वर उभा राहतो. मनगटाला तो अर्धा मिलीसुद्धा कळतो.

खाचेसाठी १/१६ इंचाचा स्लॉट कटर, म्हणजे बारीक खाच पाडणारं राउटरचं बिट, लागतो. हे बिट पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला विचारलं तर बहुतेकांनी दरवाज्याच्या खोबणीचं जाड बिट पुढे केलं. शेवटी ऑनलाइन मागवलं. पहिलं आलं ते बेअरिंगशिवायचं, आणि विक्रेत्याने परत घ्यायला बरीच खळखळ केली. सगळ्या प्रकल्पात जीव खाल्ला असेल तर या एका बिटाने.

आता अनुभव. पुढच्या कडेला मोल्डिंगबद्दल तक्रार जवळजवळ नाही. हात तासभर टेकला तरी वळ उठत नाही, घामाने चिकट झालं तर ओल्या फडक्याने पुसलं जातं. मोल्डिंग आणि सनमायका जिथे भेटतात त्या बारीक रेघेत मात्र मळ साठतो. पोरांनी भेळ खाऊन खेळायला बसल्यावर तर बघायलाच नको. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, पण ब्रश पिळून घ्यायचा. पाणी खाचेत उतरायला नको.

थंडीत मोल्डिंगची दोन टोकं भेटतात तो मागचा सांधा उघडला. पीव्हीसी गारठ्यात आखडतं, आणि बसवताना ओढून ताणलेलं असेल तर आणखी मागे येतं. फट दोनेक मिलीची झाली, एप्रिलमध्ये बरीचशी मिटली. सांधा मागे भिंतीकडे आहे म्हणून चालून गेलं. कोपऱ्यांना इंचभर तरी गोलाई द्या, दांड्यातून तिथे त्रिकोणी खाचे कापा आणि हेअर ड्रायरने पट्टी गरम करून वळवा. एका कोपऱ्याजवळ प्लायच्या आतल्या थरात पोकळी निघाली, काट्यांना धरायला काही नाही, त्यामुळे तेवढा तुकडा नखाने उचलला जायचा. ग्लू गनचा एक ठिपका, विषय संपला. स्वस्त प्लायमध्ये अशा पोकळ्या जास्त सापडतात. एमडीएफमध्ये (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेली फळी) खाच सुरेख पडते, पण ओल लागली की उघडी कड फुगते, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हा धोका कोण घेणार? एमडीएफच वापरायचं असेल तर खाच आणि बटणांच्या भोकांचा आतला भाग सँडिंग सीलरने (लाकडाची रंध्रं बुजवणारा लेप) बंद करा.

भाच्याच्या पॅनलवरची एज बँड बावीस मिली रुंदीची, दोन मिली जाड, दोन्हीकडची वाढीव पट्टी ट्रिम करून धार गोल केलेली. दिसायला हीच जास्त नेटकी, अगदी फर्निचरच्या शोरूममधली वाटते. बाजूच्या आणि मागच्या कडांना आजही काही झालेलं नाही. पुढच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात जिथे दोन पट्ट्या काटकोनात भेटतात, तिथे मे महिन्यात पट्टी सुटायला लागली. वरून हाताचा रेटा, खालून उन्हाने मऊ झालेला रबराचा गोंद. हीट गन फिरवून दाबल्यावर बसली, पावसाळ्यात पुन्हा थोडी उचलली. शिवाय दोन मिलीची गोलाई मनगटाला पुरत नाही. भाचा आता पॅनलपुढे टॉवेलची घडी ठेवून खेळतो, आणि तोच टॉवेल आंघोळीला नेतो म्हणून घरात वेगळी भांडणं आहेत.

पुढच्या महिन्यात त्याच्या पॅनलची फक्त पुढची पट्टी काढून खाच पाडणार आहे. मोल्डिंगचा उरलेला तुकडा पुरेल, बिट तर घरात पडलेलंच आहे. बसवल्यावर त्यावर गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश मारू नको हे त्याला आताच बजावलंय: चकाकी छान येते, पण त्यात सिलिकॉन असतं आणि ऐन वेळी हात सुळकन घसरतो.