काटोलची एअर रायफल दुरुस्ती: काम एक नंबर, बोलणं खारट

आधी पैशाचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. मुलीच्या एअर रायफलचा रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) उघडून साफ करणं, सगळ्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलणं, हॅमरची (व्हॉल्व्हला धक्का देऊन हवा सोडणारा भाग) सेटिंग आणि शेवटी छर्ऱ्याचा स्पीड मोजून देणं, याचे २,२०० रुपये घेतले. सील किट आपलं आपण आणायचं, ते वेगळं. नवी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, घ्यायची तर लाखांच्या घरात जाते, हे डोक्यात ठेवून काय ते ठरवा.

दुकान काटोलात, एसटी स्टँडपासून पायी जाण्यासारखं. पाटी नाही. बाहेर फवारणीचे पंप आणि हायड्रोलिक जॅक पडलेले दिसतात, तेच दुकान. दुकानवाले काका नागपूरजवळच्या अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून टर्नर म्हणून रिटायर झालेले. एअर रायफलचं काम त्यांचा मुख्य धंदा नाही, घर चालतं ते पंप-जॅकवर. पण हवेचा दाब आणि सील हा विषय त्यांच्या इतका कळणारा माणूस मला नागपूरच्या या बाजूला दुसरा भेटला नाही.

आमचं प्रकरण असं. नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ब्राँझ घेतलं आणि आमच्या भागातल्या पोरापोरींना रायफलचं वेड लागलं. त्याचा प्रकार ५० मीटरचा, त्यात काडतूस लागतं. आपल्या पोरी शिकतात तो १० मीटरचा, हवेवरचा, ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याचा. माझ्या मुलीसाठी सेकंडहँड पीसीपी रायफल घेतली. पीसीपी म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच २०० बारपर्यंत हवा भरून ठेवायची. आपल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. ही हवा सरळ छर्ऱ्यामागे जात नाही. मध्ये रेग्युलेटर असतो, तो दाब उतरवून प्रत्येक गोळीला सारखाच देतो.

त्या रेग्युलेटरजवळून हलकी सुं-सुं ऐकू यायला लागली. मी संत्र्याच्या तोडीत अडकलेलो. भाचा आयटीआय फिटर, सुटीत आलेला. "मामा, कायले नागपूरले पाठवता, मी करतो ना," म्हणाला आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून बसला. पोट्टा हुशार आहे, हात चांगला आहे, पण थांबायचं कुठं हे त्याला ठाऊक नाही. मी वावरातून आलो तोवर रायफल परत जोडलेली होती, आवाज बंद होता आणि तो खूश होता. मुलीने दुसऱ्या दिवशी सराव केला तर छर्रे खाली पडायला लागले. मग त्याने आतला हॅमरचा स्प्रिंग अजून कसला. थोडा फरक पडला, पण पहिली गोळी एकीकडे आणि पुढच्या दुसरीकडे. इथं मी रायफल त्याच्या हातातून काढून घेतली.

काकांनी रायफल हातात घेतल्यावर काही उघडलं नाही. सिलिंडरवरची तारीख पाहिली. या सिलिंडरांची मुदत साधारण दहा वर्षांची, आणि स्पर्धेत ती पाळणं ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी असते. आमची दोन वर्षं शिल्लक होती. नसती तर हातच लावला नसता, असं म्हणाले. मग सिलिंडर काढलं, उरलेली हवा सोडली, आणि भिंग लावून रेग्युलेटरभोवती नजर फिरवली.

"हे कोनं बुजवलं बाप्पा?"

टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र. त्यात एम-सील भरून, वरून घासून गुळगुळीत केलेलं. भाच्याला आवाज तिथून येताना दिसला, त्याने ते बंद केलं. वरवर पाहता बरोबरच वाटतं. पण ते छिद्र कंपनीनेच ठेवलेलं असतं. रेग्युलेटरच्या पिस्टनमागे तबकडीसारख्या स्प्रिंगांची थप्पी असते, आणि ती जागा बाहेरच्या हवेला उघडी असावी लागते. पिस्टनची ओ-रिंग गेली की गळलेली हवा त्या छिद्रातून बाहेर येते आणि आपल्याला कळतं. छिद्र बुजवलं की तीच हवा स्प्रिंगच्या खोलीत कोंडते, स्प्रिंगला जोर देते, आणि रेग्युलेटर वेळेवर बंदच होत नाही. पुढचा दाब चढत जातो.

दाब वाढला तर वेग वाढायला पाहिजे, खाली कसे पडतात? मी हेच विचारलं. काकांनी दाराकडे बोट दाखवलं. आतून दहा जण दार दाबून उभे असले तर बाहेरून एकाच्या धक्क्याने किती उघडेल? हॅमर हा तो बाहेरचा एकटा. मागचा दाब जास्त झाला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, हवा कमी सुटते, छर्रा मंद जातो. रायफल जितका वेळ भरून ठेवली तितका दाब जास्त, म्हणून पहिलीच गोळी सगळ्यात खाली. भाच्याने स्प्रिंग कसून त्या एकट्याला अजून जोरात ढकलायला लावलं होतं, एवढंच.

एम-सील काढायला त्यांनी ड्रिल लावलं नाही. कीस आत पडेल म्हणून. जाड सुई एका लाकडी मुठीत बसवलेली, ती बोटांनी फिरवत, दर वेळी पांढरी भुकटी ब्रशने बाहेर झाडत. अर्धा तास तेच. चहा गार झाला. मग थोडी हवा भरून छिद्रावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंब फुगला, फुटला, परत फुगला. "हे पाय, हे बोलून रायलं होतं, त्याचं तोंड दाबलं तुमच्या पोट्ट्यानं."

आत अजून बरंच निघालं. फवारणी पंपाची ओ-रिंग, मापाने जवळपास बसणारी पण मऊ, कड कापली गेलेली. आट्यांवर टेफलॉन टेप, त्याचे दोन-तीन तंतू रेग्युलेटरच्या सीटवर (जिथं टेकून तो हवा बंद करतो) चिकटलेले, म्हणजे तिथूनही गळती. आणि ट्रॅक्टरचं ग्रीस. ते पाहून काका खरे चिडले. इतक्या दाबाच्या हवेत साधं तेल-ग्रीस पेट घेऊ शकतं, तिथं सिलिकॉन ग्रीसच लागतं. त्यांनी भाच्याला फोन लावायला सांगितला आणि जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. भाचा तिकडून नुसतं "हो काका, हो काका."

दुरुस्ती म्हणजे मुख्यतः भाच्याने घातलेलं काढणं. सीट पॉलिश केली, रिंगा बदलल्या, स्प्रिंग होता तिथं आणला. मग क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, मोजणी. नेली तेव्हा १४० च्या आसपास मीटर प्रति सेकंद, तेही खालीवर. आता १६८ ते १७१. या फरकाचं गणित केलं तर दहा मीटरवर छर्रा साधारण आठ मिलिमीटर खाली जातो, आणि या टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची. म्हणजे पोरीचा नेम दहावर असला तरी कागदावर सात. दहाचा ठिपका तर अर्ध्याच मिलिमीटरचा. ती बिचारी आपला श्वास चुकतो म्हणून रडत होती. रात्रभर भरून ठेवून सकाळी पहिली गोळी परत मोजायला लावली, तीही १७० ला. तेव्हाच पैसे घेतले.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. बिल देत नाहीत, वहीच्या पानावर आकडा लिहून देतात. "परवा या" म्हटलं की तो परवा पोळ्याच्या पुढे जाऊ शकतो. आमचं काम हंगामात नेलं असतं तर फवारणी पंपांच्या रांगेत महिना गेला असता. ट्रिगरला हात लावत नाहीत, तो कंपनीच्या सर्व्हिसलाच पाठवा म्हणतात. आणि समोर गिऱ्हाईक कोण आहे न बघता बोलतात, ज्याला लागतं त्याला लागतं.

मी बसलो होतो तेव्हा एक जण एअरगन घेऊन आला. रानडुकरं वावर उकरून टाकतात, पॉवर वाढवून द्या म्हणाला. त्रास खरा आहे, माझ्याही धुऱ्यावर रोज तेच. काकांनी गन हातातही घेतली नाही. म्हणाले, छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलच्या वर गेली की लायसन्स लागतं, डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन तुमच्याच अंगावर येतं. माणूस दुप्पट पैसे देतो म्हणाला. काकांनी जॅक उघडायला घेतला.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी झोपतात. सिलिंडर काढून वेगळं न्या, गाडीत हवा भरलेली रायफल आणलेली त्यांना चालत नाही. मूळ सील किट कंपनीकडून मागवूनच जा. पावसाळ्यात हातपंपाने हवा भरत असाल तर पंपाचं ओल शोषणारं फिल्टर सोबत न्या, तेही बघून देतात, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.