अकरावीचं ऑनलाइन ऍडमिशन: यादी चोख, पण फॉर्म समजून भरा

पाचपैकी साडेतीन स्टार. 2025 ला भाचीचं ऍडमिशन सरकारच्या अकरावी प्रवेशाच्या पोर्टलवरून झालं, ताई राहते तासगावला आणि त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्राला ही पद्धत लागू झाली. त्याआधी मुंबई आणि आसपास, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच ठिकाणी ऑनलाइन होतं. आमच्याकडं मार्कलिस्ट आणि दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर जायचं, क्लार्कसमोर फॉर्म भरायचा, विषय संपला. म्हणून पुण्या-मुंबईच्या पालकांचं वाचून आपल्याला फार कळत नाही, त्यांना कॅप राउंड (म्हणजे पोर्टलवरच्या प्रवेशाच्या फेऱ्या), कटऑफ (म्हणजे शेवटची जागा किती मार्कांवर गेली ते), कोटा हे सगळं तोंडपाठ असतंय. हे तालुक्यातल्या लोकांसाठी लिहितोय.

दहावीच्या निकालाबद्दल जास्त काय लिहायचं नाही, तो भाग सोपाय. 13 मेला दुपारी एकला लागला, सीट नंबर टाका, आईचं पहिलं नाव टाका, मार्क समोर. डिजिलॉकरवर पण दिसतो, एक साइट अडली तर दुसरी बघायची, बोंबलत बसायचं नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की मेरिटला बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे जास्त मार्कांचे पाच विषय घेऊन 500 पैकी मार्क धरतात. सहा विषयांची 600 ची बेरीज करून घरात हिशोब मांडत बसलात तर सगळं चुकतं, आमच्याकडं एका काकांनी पोरगीला तसंच दोन टक्के खाली आणून रडवली होती.

खरी मजा पुढं. 21 मेला नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी साइट झोपली, पेपरात सगळीकडं आलं होतं, शेवटी 26 मेपासून परत चालू केली. त्यानंतर चालली बऱ्यापैकी. पण त्या एका दिवसाचा लोकांनी एवढा धसका घेतला की सगळी जनता उठून नेट कॅफेत. नाव घेत नाही, पण स्टँडजवळच्या एका कॅफेवाल्यानं 100 रुपये फीच्या फॉर्मचे 500 घेतले, ते एक वेळ ठीक, माणूस धंदा करणारच. पण पठ्ठ्यानं भाचीच्या फॉर्मला मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. म्हणजे ओटीपी त्याला, मेसेज त्याला, पासवर्ड त्याच्या वहीत. ताईनं विचारलं तर म्हणतो, "वहिनी, तुमाला कशाला ताप, यादी लागली की मी फोन करतो की." वही बघितली मी, पानंच्या पानं पोरांचे लॉगिन आणि पासवर्ड, एकाखाली एक, निळ्या पेनानं, आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच! नंबर बदलून घेतला तेव्हा कुठं जिवात जीव आला. पोर्टल मोबाइलवर उघडतं, फॉर्म मोबाइलवर भरता येतो, ज्या पोरीनं दहावीत 90 काढलेत तिला हा फॉर्म भरता येतो. कॅफेत गेलाच तर नंबर तुमचा आणि पासवर्ड तुमच्या डोक्यात.

फॉर्मचे दोन भाग. पहिल्या भागात माहिती आणि कागदपत्रं, त्यात विशेष काही नाही, जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर आधी काढून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रात चेंगराचेंगरी असते. दुसऱ्या भागात कॉलेजांचा पसंतीक्रम, कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. आणि माझे दीड स्टार कापले गेले ते इथंच.

एक म्हणजे कोड. तुम्हाला वाटतं कॉलेज निवडायचं, पण निवडायची असते त्या कॉलेजातली एक विशिष्ट तुकडी, आणि प्रत्येक तुकडीचा कोड वेगळा. एकाच कॉलेजची सायन्स तीन-तीन वेळा दिसते, अनुदानित वेगळी, विनाअनुदानित वेगळी, स्वयंअर्थसहाय्यित वेगळी, माध्यम वेगळं असेल तर अजून एक ओळ. वर्ग शेजारी शेजारी, मास्तर कधी कधी तेच, पण अनुदानित तुकडीची फी शेकड्यात आणि स्वयंअर्थसहाय्यितची कितीतरी हजारांत. स्क्रीनवर हे सगळं लिहिलेलं असतं, खोटं कशाला बोलू, पण एका ओळीत बारीक अक्षरात, मोबाइलवर ती ओळ अर्धी कापली जाते आणि माणूस कॉलेजचं नाव बघून टिक करून मोकळा होतो. शेतकऱ्याच्या घरात हा फरक म्हणजे गंमत नाही. अनुदानित तुकडी वर, बाकीच्या खाली, हे आम्ही आधी कागदावर लिहून घेतलं आणि मगच फोन हातात घेतला.

दुसरं म्हणजे पहिल्या नंबरचा नियम. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, एकदम शेवटी सगळ्यांसाठी खुली फेरी असते तेव्हा उरलंसुरलं घ्यायचं. दोन ते दहामधलं लागलं तर पटलं तर घ्या, नाहीतर पुढच्या फेरीची वाट बघा. नियम सरळ आहे आणि माझ्या मते बरोबर पण आहे, नाहीतर हुशार पोरं जागा अडवून बसतील. पण गावाकडं लोकांनी उलटंच धरलं होतं, की पहिल्या नंबरला "सेफ" कॉलेज टाकायचं, म्हणजे काहीतरी हातात राहील. अहो सेफ वर टाकलंत तर सेफच लागणार आणि तिथंच बांधले जाणार! मशीन वरून खाली बघत जातं, तुमच्या मार्काला जे पहिलं बसतं ते देतं. मोठं कॉलेज वर टाकल्यानं खालच्यावरचा तुमचा हक्क जात नाही. जिथं खरंच जायचंय ते एक नंबरला, मग उतरत्या क्रमानं, घराजवळचं तळाला. हे शाळेत कुणीतरी फळ्यावर लिहून सांगायला पाहिजे होतं, त्याऐवजी गेटवर क्लासवाले पत्रकं वाटत होते की आमचा हा कोड एक नंबरला टाका, कॉलेजला यायची गरज नाही, नुसता क्लास करा. इंटिग्रेटेड म्हणतात त्याला. आईबाप बिचारे डॉक्टरकीच्या आशेनं टाकतात.

कटऑफचं पण सांगतो. शहरात मागच्या वर्षीचा कटऑफ बघून अंदाज बांधता येतो. आमच्या भागात मागचं वर्षच नव्हतं! पहिल्याच वेळी सगळं अंधारात. आता तसं नाही, फेरीनिहाय आकडे निघालेत, ते बघूनच यादी करा.

आता कौतुक. पहिली यादी 28 जूनला लागली, सहा लाखांच्या वर पोरांना जागा मिळाली आणि त्यातल्या साडेचार लाखांवर पोरांना एक नंबरचंच कॉलेज लागलं. भाचीनं सांगलीचं विलिंग्डन कॉलेज वर टाकलं होतं, लागलं. कुणाला फोन नाही, संस्थेच्या माणसाकडं चकरा नाहीत, "साहेबांची चिठ्ठी आणा" नाही. आमच्या वेळी ज्याच्या घरात पंचायत समितीचा मेंबर त्याची जागा पक्की असायची, इथं मेंबरचं पोरगं पण मार्काप्रमाणंच लायनीत. इनहाउस (म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या पोरांसाठी), व्यवस्थापन, अल्पसंख्याक हे राखीव जागांचे कोटे आहेत आणि तिथं काय चालतं ते ज्याचं त्याला ठाऊक, पण नियमित फेरीत काळंबेरं काही दिसलं नाही. यादी लागल्यावर मात्र लॉगिनमधून प्रवेशासाठी पुढं जायचं बटण दाबून मुदतीच्या आत ओरिजनल कागद घेऊन कॉलेजात जावंच लागतं, नुसतं यादीत नाव आलं म्हणून पेढे वाटत बसू नका.

अजून एक खटकलेलं म्हणजे वेळ. निकाल मेच्या मध्याला लावला, मग यादीला जूनचा शेवट का? फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालल्या. आणि राज्यात जागा वीस लाखांच्या वर, पास झालेली पोरं साडेचौदा लाख, म्हणजे जागा कुणाला मिळणार नाही असा प्रश्नच नाही, भांडण आहे ते ठराविक कॉलेजांचं. मग ज्या गावात एकच ज्युनिअर कॉलेज आणि तेही अर्धं रिकामं, तिथल्या पोरांना पुण्याच्या फेऱ्यांबरोबर का ताटकळत ठेवायचं? तिथं आठवड्यात वर्ग भरवता आले असते. एक-दोन विषय राहिलेल्या एटीकेटीवाल्या पोरांचे तर अजून हाल, ती सगळ्यांच्या मागं.

जाता जाता, मुलगी असेल आणि बाहेरगावचं कॉलेज लागलं तर एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजना. कॉलेजचं बोनाफाईड लागतं, ते ऍडमिशनच्या दिवशीच मागून घ्या, नंतर ऑफिसात गर्दी होते. आणि पसंतीक्रम टाकायच्या आधी सकाळची गाडी कितीला आहे ते स्टँडवर विचारून या, कारण पोर्टल अंतर विचारत नाही आणि सातच्या लेक्चरला साडेसातची गाडी चालत नाही.