आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश: गूगल मॅप्स कुठवर पुरते?

गावाचे अक्षांश-रेखांश शोधण्यासाठी आज बहुतेकजण गूगल मॅप्सच उघडतात, आणि आज नांदत्या असलेल्या कोणत्याही गावासाठी ते साधन उत्तम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते दाखवते ती संख्या नेमकी कोणत्या जागेची आहे, तिच्यातले किती आकडे अर्थपूर्ण आहेत आणि ती कशी लिहून ठेवावी, हे ठरवण्याचे काम आपल्यावरच राहते. हे परीक्षण सातारा जिल्ह्यातील वाई हे गाव समोर ठेवून लिहिले आहे.

वापरण्याची रीत सोपी आहे. मोबाइलवर नकाशा पुरेसा मोठा करून हव्या त्या जागी बोट थोडा वेळ दाबून ठेवले की तेथे खूण उमटते आणि तिच्या माहितीत अक्षांश व रेखांश दिसतात. संगणकावर माउसचे उजवे बटण दाबले की यादीच्या अगदी वर हीच जोडी येते आणि तिच्यावर टिचकी मारली की ती कॉपी होते. बोट एखाद्या दुकानाच्या किंवा देवळाच्या नावावर पडले, तर त्या ठिकाणाचे पान उघडते आणि आकडे सहज समोर येत नाहीत, म्हणून शेजारची मोकळी जागा निवडावी. पहिली संख्या अक्षांशाची आणि दुसरी रेखांशाची असते. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५.६ ते २२ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ यांच्या दरम्यान असल्यामुळे अदलाबदल झाली तर ती लगेच लक्षात येते.

खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. वाई म्हणजे नेमका कोणता बिंदू? शोधपट्टीत नाव लिहिले की नकाशा गावावर जाऊन थांबतो, पण तो बिंदू कोणत्या निकषाने निवडला हे सांगत नाही. कृष्णाकाठचे ढोल्या गणपतीचे मंदिर, एसटी स्थानक आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय ही सारी वाईच आहे, आणि तिन्ही ठिकाणांचे आकडे वेगवेगळे येतील. म्हणून बिंदू आपणच निवडावा आणि आकड्यांसोबत ‘गणपती घाटाजवळ’ अशी नोंद करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अशी नोंद असेल तर पुढे कोणालाही ते मोजमाप पडताळून पाहता येते.

दशांश चिन्हापुढचे सगळे आकडे उतरवून घेण्यात अर्थ नाही. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. त्यामुळे तिसरा दशांश सुमारे १११ मीटर, चौथा ११ मीटर आणि पाचवा जेमतेम एक मीटर दर्शवतो. संपूर्ण गावासाठी १७.९५ उत्तर, ७३.८९ पूर्व एवढे पुरते, आणि घरासाठी किंवा देवळासाठी चार-पाच दशांश पुष्कळ झाले. मोकळ्या आकाशाखाली उभे राहून मोबाइलच्या जीपीएसने मोजले, तरी काही मीटरांची चूक गृहीतच धरावी लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक अंश-मिनिटे आणि दशांश यांच्या सरमिसळीतून होते. वाईचे स्थान जुन्या पद्धतीने १७ अंश ५७ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५३ मिनिटे पूर्व असे लिहितात. एका अंशात साठ मिनिटे असल्यामुळे १७ अंश ५७ मिनिटे म्हणजे १७.९५. पण कोणी ते १७.५७ आणि ७३.५३ असे लिहून नकाशात टाकले, तर खूण पन्नास किलोमीटरांहून अधिक दूर, सह्याद्री ओलांडून चिपळूणच्या परिसरात पडते. हे दोन्ही प्रकार गूगल मॅप्सला समजतात, पण आपल्याला कोणता अभिप्रेत होता हे त्याला कळणार नाही.

अनेकांना हे आकडे जन्मपत्रिकेसाठी हवे असतात आणि पत्रिकेच्या ॲपमध्ये आपले गाव नसल्याने जवळचे मोठे शहर निवडावे लागते. त्याने किती फरक पडतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. रेखांशाच्या एका अंशाला वेळेची चार मिनिटे या हिशेबाने, ८२.५ अंशांवर आधारलेल्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा वाईची स्थानिक वेळ सुमारे साडेचौतीस मिनिटे मागे आहे. पुणे आणि वाई जवळजवळ एकाच रेखांशावर असल्याने वाईऐवजी पुणे निवडले, तर स्थानिक वेळेत काही सेकंदांचाच फरक येतो. चंद्रपूरच्या जागी मुंबई निवडली, तर मात्र तो सुमारे २६ मिनिटांवर जातो आणि लग्नराशी (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) बदलण्याची शक्यता निर्माण होते. अशा वेळी आकडे स्वतः भरू देणारेच ॲप निवडावे.

वाड्या-वस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून घडवलेला खुला नकाशा मला अधिक आपला वाटणारा पर्याय आहे. तेथे वस्तीचे नाव नसेल किंवा चुकले असेल, तर खाते उघडून ते आपणच देवनागरीत भरू शकतो.

पाण्याखाली गेलेल्या गावांपाशी मात्र ही दोन्ही साधने अडतात. वाईच्या वरच्या अंगाला कृष्णेवर धोम धरण झाले आणि भीमेवर उजनी; अशा धरणांत बुडालेली कित्येक गावे त्याच नावाने दुसरीकडे वसली, त्यामुळे नावाने शोध घेतला की नवे गावठाण सापडते. ज्याच्या आजोबांचा जन्म जुन्या गावठाणात झाला, त्याला हे उत्तर पुरणार नाही. त्याने भारतीय सर्वेक्षण विभागाचा धरणापूर्वीचा स्थलनिर्देशक नकाशा (टोपोशीट) मिळवावा. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर, म्हणून कडेवर छापलेल्या अक्षांश-रेखांशांवरून पट्टीने मोजूनही बऱ्यापैकी अचूक उत्तर मिळते. अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कोणता आकार गृहीत धरून मोजायचे, हे आधारपद्धती ठरवते; जुने नकाशे एव्हरेस्ट आधारपद्धतीवर, तर जीपीएस आणि विभागाचे नवे खुले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर असल्याने महाराष्ट्रात शंभरेक मीटरांची तफावत येऊ शकते. नोंद करताना नकाशाचे वर्ष आणि आधारपद्धतीही लिहावी. उजनीचे पाणी ओसरले की त्यात बुडालेल्या जुन्या पळसदेव गावाचे मंदिर उघडे पडते. अशी एखादी खूण शिल्लक असेल, तर गूगल अर्थमधील जुन्या उपग्रहचित्रांतून कोरड्या उन्हाळ्याचे चित्र निवडून नकाशावरून काढलेले आकडे ताडून पाहता येतात.