“मांगून हात जाते का?” : नटबोल्टच्या एका दुकानाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारओळीच्या शेवटी, नटबोल्टचे एक अरुंद दुकान आहे. त्याच्या पाटीवरील रंग इतका उडाला आहे, की आता केवळ ‘हार्डवेअर’ एवढाच शब्द वाचता येतो. दोन खरीप हंगाम माझ्या पेरणीयंत्राचा जो जोड तुटत राहिला, त्याचा उपाय मला याच दुकानात मिळाला, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

आधी तो जोड समजून घ्यावा लागेल. यंत्राच्या मागील बाजूस ५० मिलिमीटरचा चौकोनी आडवा पाईप आहे. त्याच्या पत्र्याची जाडी ३ मिलिमीटर असून दोन्ही टोके झाकण लावून वेल्डिंगने बंद केलेली आहेत. या पाईपच्या एका अंगाला खताच्या पेटीचे दोन पाटे बसतात आणि बरोबर विरुद्ध अंगाला फणांचे क्लॅम्प असल्यामुळे तेथे पाना तर सोडाच, बोटही शिरत नाही. पेटीत डीएपीची ५० किलोची गोणी रिकामी केली, की ते सगळे वजन काळ्या जमिनीच्या ढेकळांवर दिवसभर हिसके खाते. शिवाय खत ओल धरून पत्रा खाते, त्यामुळे पेरणी संपताच पेटी काढून धुणे भाग असते. म्हणजे जोड घट्ट हवा, दरवर्षी सुटणारा हवा आणि तो एकाच बाजूने बसवता आला पाहिजे.

कारखान्यातून आलेले पाटे वेल्डिंगचे होते. पहिल्या वर्षी टाका जिथे संपतो तिथेच चीर पडली. ती पुन्हा जोडून घेतली, तर दुसऱ्या वर्षी नवी चीर टाक्याच्या शेजारी, तापलेल्या भागात निघाली. मधल्या काळात मी सेल्फ स्क्रूही मारून पाहिले, परंतु हिसक्यांनी ते आठवड्याभरात सैल झाले. पाईपला आरपार भोक पाडून लांब बोल्ट घालण्याचा विचार फणांच्या क्लॅम्पमुळे सोडावा लागला; आणि जागा असती तरी पोकळ पाईप बोल्टच्या दाबाने आत चेपतो, मग बोल्ट कितीही आवळला तरी ढिलाच राहतो.

ही सगळी कहाणी मी दुकानदारांना सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून एकच प्रश्न विचारला: “मांगून हात जाते का, भाऊ?” म्हणजे पाईपच्या मागच्या बाजूने हात पोचतो का. मी नाही म्हणताच त्यांनी नटांचे सारे डबे बाजूला सारले. पुढचा प्रश्न होता, जोड उघडायचा आहे की कायमचा ठेवायचा. कायमचा असता तर पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूने ठोकता येणारी पण न उघडणारी खिळी, पुरले असते. पाईपच्या पत्र्यातच आटे पाडावेत का, असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी हिशेबच मांडला: ८ मिलिमीटरच्या बोल्टचा एक आटा सव्वा मिलिमीटरचा असतो, म्हणजे ३ मिलिमीटरच्या पत्र्यात अडीचही पूर्ण आटे बसत नाहीत, आणि असे आटे दुसऱ्या-तिसऱ्या उघडझापीत जातात. त्यांनी रिव्हेट नट काढून दिला.

ही आतून आटे असलेली आणि एका टोकाला बाहेर वळलेली कड असलेली पोलादी नळी असते. ती भोकात सरकवायची आणि ती बसवण्याच्या दोन मुठींच्या हत्याराचा स्क्रू तिच्या आट्यांत फिरवायचा. मुठी दाबल्या, की तो स्क्रू नळीचे आतले टोक आपल्याकडे ओढतो आणि मधला पातळ भाग फुगून पत्र्याच्या आतल्या अंगाला गच्च बसतो. बंद पाईपच्या आत हात न घालता नट बसवण्याची ही युक्ती मला फार आवडली. ८ मिलिमीटरच्या नटासाठी ११ मिलिमीटरचे भोक लागते, आणि नट किती जाडीच्या पत्र्याला पकडतो हेही पाहावे लागते, म्हणून त्यांनी माझ्या पाईपच्या तुकड्याला व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावूनच डबा उघडला. पाट्याचे भोक केवढे आहे, हेही त्यांनी विचारले. ते नटाच्या कडेपेक्षा लहानच हवे, नाहीतर बोल्ट आवळताना पाटा कडेवर दाबला जात नाही आणि नटच ओढून बाहेर येतो.

बोल्टच्या बाबतीत त्यांनी मला एका मोठ्या चुकीतून वाचवले. आपल्याकडे बोल्ट अजूनही सुतात मागतात; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, अर्थात ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे तो हातात घेतला तर ८ मिलिमीटरचाच वाटतो. मात्र त्याचे आटे इंचाला १८ असतात, तर ८ मिलिमीटरच्या बोल्टचे साधारण २०. असा बोल्ट नटात एक-दोन फेरे गोडीने जातो, मग अडतो, आणि पान्याला जोर दिला की नटाचे आटे सोलून काढतो. मी घरून आणलेले दोन्ही बोल्ट अडीच सुतीच निघाले. मी डोक्यावर १२.९ (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) लिहिलेले महाग बोल्ट मागितले, तेही त्यांनी दिले नाहीत. बोल्टआधी नटच जाईल, तेव्हा ८.८ पुरेसे आहेत, असे सांगून त्यांनी स्वतःची विक्री कमी केली. हिसक्यांनी बोल्ट सुटू नये म्हणून निळ्या रंगाचा आटे-चिकटवणारा द्रव दिला, जो साध्या पान्याने पुन्हा सुटतो.

हत्यार विकत घ्यावे लागले नाही. हजार रुपये अनामत ठेवून ते दोन दिवसांसाठी मिळाले आणि परत करताना पैसे पूर्ण हातात आले. चार भोकांसाठी त्यांनी सहा नट दिले आणि दोन आधी भंगार पत्र्यावर दाबून पाहण्यास बजावले. मी एकच दाबला आणि घाई केली, त्याचे फळ मिळाले: हातातील ड्रिल डगमगून तिसरे भोक अंडाकृती झाले आणि त्यातील नट बोल्टसोबत गरगर फिरू लागला. शेवटी तो ड्रिलने काढून त्या जागी १३ मिलिमीटरचे भोक पाडले आणि १० मिलिमीटरचा नट बसवला.

याच ठिकाणी दुकानाची उणीव जाणवते. षटकोनी अंगाचा रिव्हेट नट फिरत नाही, पण तो येथे मिळत नाही. येथे केवळ गोल, खाचा असलेले नट आहेत. स्टेनलेस आणि जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट एकाच ट्रेमध्ये पडलेले असतात, त्यामुळे मालक स्वतः निवडून देत नाहीत तोवर भरवसा नाही. मालक जेवायला गेले, की गल्ल्यावर बसणारा मुलगा मिलिमीटर आणि सूत यांत फरक करत नाही आणि किलोवर तोलून देतो. बाजाराच्या दिवशी तर त्यांना मोजमाप करायला सवडच नसते.

मृगापासून दिवाळीपर्यंत पेटी दोनदा उतरवली आणि परत बसवली. चारही बोल्ट हाताच्या पान्याने निघाले, पाट्याला चीर नाही, आणि १० मिलिमीटरचा तो एक बोल्ट मात्र दर वेळी वेगळा पाना मागतो. नट प्रत्येकी आठ रुपयांना पडले. जाताना पाईपचा तुकडा, पाटा आणि जुना बोल्ट सोबत न्यावा, आणि दुपारी एक ते तीन ही वेळ टाळावी.