गाडीच्या कंपनीला १ स्टार, मिरजेच्या सरांना पाचही कमीच

एकाच रिव्ह्यूत गाडी आणि डॉक्टर दोन्ही बघून हसाल, पण दोन्ही भानगडी एकमेकांत अशा गुंतल्यात की वेगवेगळ्या लिहिताच येत नाहीत. आधी गाडीचं सांगतो.

२०२३ च्या दसऱ्याला डिझेल एसयूव्ही घेतली. सगळं धरून साडेतेरा लाखाला पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या असलेल्या दोघातिघांशी बोललो तर त्यांचं रडगाणंही तेच निघालं, उगं एकालाच कशाला. सांगलीत माझं घर विश्रामबागला आणि किराण्याचं दुकान गणपती पेठेत. सकाळी दुकान, दुपारी जेवायला घरी, परत दुकान, आठवड्यातनं दोनदा मार्केट यार्ड आणि रविवारी पोरं मागं लागली तर हरिपूर. एवढाच काय तो गाडीचा संसार. शोरूमच्या पोरानं सनरूफ दाखवलं, मागचा कॅमेरा दाखवला, मोबाईलवरनं एसी कसा चालू होतो ते तीनदा दाखवलं, पण तुम्ही रोज गाडी किती चालवता हे काय विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिले आठ-नऊ महिने झकास. २०२४ च्या पावसाळ्यात एक दिवस पुष्पराज चौकात सिग्नलला उभा होतो आणि समोर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, पिकअप गेला, गाडी बैलगाडीगत चालायला लागली. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरानं लॅपटॉप जोडला, म्हणाला साहेब कोड आलाय, क्लिअर केलाय, आता काय प्रॉब्लेम नाही. बिल १८०० रुपये. तीन आठवड्यांनी परत दिवा. परत लॅपटॉप, परत क्लिअर. तिसऱ्या वेळी गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि ऑइल पण बदललं, कारण म्हणे ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. अहो पण का उतरलंय? तर म्हणाला, "अंडर ऑब्झर्वेशन ठेवूया." म्हणजे ऑब्झर्वेशन मी करायचं, पैसे पण मीच द्यायचे.

यात आमच्या आण्णांचं म्हणणं मात्र पहिल्यापासून वेगळं होतं. आण्णा एसटीत ३२ वर्षं ड्रायव्हर, गाडीचा आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगणारा माणूस. ते म्हणायचे, "आरं ही घराजवळ आली की हिचा आवाज चढतोय, पंखा जोरात फिरतोय, बंद केली तरी गरम वास येतोय. ती आतनं कायतरी जाळायला बघतीया आणि तू मधीच चावी काढतोयस." मी हे जसंच्या तसं सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "काका जुन्या गाड्या चालवायचे ना, ह्या सगळ्या कॉम्प्युटराइज्ड असतात."

कस्टमर केअरची तर वेगळीच तऱ्हा. मराठीसाठी दोन दाबा, दाबलं की पलीकडनं हिंदी. आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल खेद आहे, तक्रार नंबर लिहून घ्या, ४८ तासांत फोन येईल. मी एकूण सहा तक्रार नंबर लिहून घेतलेत, दुकानाच्या उधारीच्या वहीतच, शेवटच्या पानावर, म्हटलं ही पण उधारीच आहे. ४८ तासांत फोन एकदाही आला नाही, पण चौथ्या तक्रारीनंतर मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. त्या वेळी गाडी त्यांच्याच सेंटरला जॅकवर उभी होती!

फोन येतो तो फक्त मार्कांसाठी. गाडी घरी पोचायच्या आत, साहेब १० पैकी किती द्याल? त्याआधी ॲडव्हायझर गेटपर्यंत सोडायला येऊन हळूच सांगतो की साहेब दहाच द्या, नऊ दिले तरी आमचं इन्सेंटिव्ह जातंय. पलूसकडचं पोरगं होतं, त्याच्यावर राग नाही माझा. त्याला वरनं जेवढं शिकवलंय तेवढंच ते करणार. मी दोनदा दहा दिले, त्याच्या तोंडाकडं बघून. आता वाटतंय माझ्यासारख्यांच्या त्या दहांमुळंच वरच्यांना सगळं आलबेल दिसत असणार.

मग २०२५ चा जानेवारी. आण्णांना महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, जिना चढला की दम. एका दवाखान्यात धुळीची ॲलर्जी म्हणून औषध दिलं, दुसऱ्या ठिकाणी ताकदीच्या सलाईन लावल्या. एका रात्री दम एवढा लागला की बसल्या जागी बोलवंना. आमच्याकडं सीरियस झालं की एकच वाक्य असतं, मिरजेला न्या. जतपासनं, पार विजापूर-बेळगावपासनं लोक येतात मिरजेला. गाडी काढली आणि वानलेसवाडीजवळ तोच पिवळा दिवा, तीच बैलगाडी. ज्या डॉक्टर वानलेसांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं हॉस्पिटल काढलं त्यांच्याच नावाच्या वाडीत आम्ही पेशंट घेऊन रस्त्याच्या कडेला उभं. शेवटी रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत, त्यालापण पाच स्टार.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखल केलं. हे कॉलेज १९६२ चं, आमच्या भागातले अर्धेअधिक डॉक्टर तिथनंच शिकून बाहेर पडलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिसिनचे सर राउंडला आले, मागं एप्रन घातलेली सात-आठ पोरं-पोरी. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पन्नाशीच्या पुढचे असतील, पायात साधी सँडल, खिशाला दोन पेनं. आधी आण्णांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आजोबा, ही पोरं तुमच्याकडनं शिकणार आहेत. चालेल ना? नको असेल तर सांगा, आम्ही पुढच्या बेडला जातो." आण्णांना आयुष्यात कोणी दवाखान्यात असं विचारलं नव्हतं. ते सावरून बसले, जसे काय डेपो मॅनेजरच आलेत.

एका मुलीनं केस सांगितली, खोकला इतके दिवस, ताप इतके दिवस, भरभर, पाठ केल्यासारखी. तिनं एक्स-रे दाखवायला पाकिटातनं काढला तर सर म्हणाले ठेव अजून. "आजोबा झोपतात कुठल्या कुशीवर, विचारलंस?" पोरगी गप्प. सरांनी आण्णांनाच विचारलं. आण्णा म्हणाले महिनाभर उजव्याच कुशीवर झोपतोय, डावीकडं वळलं की दम कोंडतोय. तेव्हा सरांनी सांगितलं की एका बाजूच्या छातीत पाणी साठलं की बरेच पेशंट आपोआप त्याच कुशीवर पडतात, म्हणजे चांगलं फुप्फुस वर मोकळं राहतं. आणि मग पोरांकडं बघून, "हे एक्स-रेला विचारता येत नाही रे."

मग त्यांनी आण्णांच्या पाठीवर डाव्या हाताचं मधलं बोट सपाट टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं टकटक वाजवायला सुरुवात केली, वरनं खाली. वर पोकळ आवाज, टण् टण्, आणि उजवीकडं खाली एका ठिकाणी आला आणि आवाज मेला. ढब्ब. मला लांब उभं राहून कळलं! तेलाच्या बॅरलवर टिचकी मारून तेल कुठवर आहे ते बघण्यात माझी निम्मी जिंदगी गेलीय. माझ्या तोंडातनं निघूनच गेलं की सर, हे तर बॅरल वाजवल्यासारखं झालं. मला वाटलं रागावतील. ते उलट खूश झाले आणि पोरांना गोष्ट सांगत बसले, ऑस्ट्रियात औएनब्रुगर म्हणून एक डॉक्टर होता, त्याच्या बापाची खाणावळ होती, तिथं दारूची पिंपं वाजवून किती भरलीत ते बघायचे, त्यावरनं त्याला ही छाती वाजवायची कल्पना आली म्हणतात, आणि १७६१ मध्ये त्यानं ते छापलं. तेव्हा स्टेथोस्कोप पण नव्हता, तो आला १८१६ ला.

"आता तुम्ही वाजवा," म्हणाले आणि एकेका पोराला पुढं बोलावलं. एकाचं नख वाढलेलं, त्याला मागं पाठवलं, नख कापून ये मग. एकजण खांद्यातनं हात आपटत होता तर त्याचं मनगट धरून दाखवलं, इथनं, नुसतं इथनं. दोन पोरांनंतर आण्णा दमले का विचारलं, पाणी पाजलं, पाठीवरचा शर्ट स्वतः खाली ओढला. ढब्ब आवाजाची जी कड होती तिथं पेनानं रेघ मारली आणि मग एक्स-रे वर धरला. पाणी बरोबर त्या रेघेपर्यंत. पोरं नुसती बघत राहिली.

त्या दिवशी सुईनं लिटरभर पाणी काढलं, पिवळसर, गवती चहाच्या रंगाचं. आण्णांना खोकल्याची ढास लागली तसं थांबवलं, एकदम सगळं काढायचं नसतं म्हणाले. पाण्याच्या तपासण्या झाल्या, टीबी निघाला. आमच्या मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं, पण सरांनी परत ते स्टूल ओढलं. घरात कोण कोण आहे, नातवंडं किती वर्षांची, सगळं विचारून घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. सहा महिने गोळ्या, सरकारकडनं फुकट, शिवाय खाण्यापिण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात हे पण त्यांनीच सांगितलं. आणि उठता उठता, "लघवी केशरी होईल, घाबरून गोळी बंद करू नका, गोळीचाच रंग आहे तो." तिसऱ्या दिवशी पहाटे आण्णांनी बाथरूममधनं हाक मारली, "आरं झाली बघ केशरी!" घरात कोणी घाबरलं नाही, उलट हसलो.

दवाखान्यातल्या त्या दिवसांत पलंगाशेजारी बसून मी शेवटी गाडीचं मॅन्युअल वाचून काढलं. साडेतीनशे पानांचं. त्यात एक अर्धं पान आहे. बीएस-६ डिझेल गाडीला, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या लाईनीत धुरातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. ती काजळी गाडी स्वतः जाळते, पण त्याला आत सहाशेक डिग्री उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं तरी न थांबता बऱ्या स्पीडनं पळावी लागते. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर जाळायला सुरुवात होते आणि आपण चावी काढतो, काजळी तुंबते, ती जाळायला गाडीनं जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे आण्णा म्हणत होते ते शब्दन् शब्द खरं. छापील. मी ते पान आण्णांना वाचून दाखवलं तर नाकाला ऑक्सिजनची नळी असताना म्हणतात कसे, "मग, सांगत काय होतो."

पाच वेळा गाडी नेली, पाच वेळा लॅपटॉप लावला, पण रोज किती चालवता हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. आणि गंमत बघा, सहाव्यांदा मी वॉरंटीत करून द्या म्हणून भांडायला गेलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, "हे कस्टमरच्या ड्रायव्हिंग पॅटर्नमुळं होतंय, वॉरंटीत बसत नाही." वा रे बहाद्दर! बिल फाडायच्या वेळी पॅटर्न बरा आठवला. गाडी विकताना आठवला असता तर मी पेट्रोल घेतली असती आणि दोन पैसे पण वाचले असते.

मग मी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली. कंपनीला पण रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं की ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची केस जिल्हा ग्राहक आयोगात चालते, मी राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, आणि माझ्या गाडीच्या किमतीला फी फक्त ४०० रुपये लागते, ते ४०० मी बाजूला काढून ठेवलेत. आठ दिवसांत फोन. या वेळी चक्क मराठीत. ऑइलचे आणि दोन वेळच्या बिलाचे पैसे 'गुडविल' म्हणून परत देतो म्हणाले. घेतले. त्याखाली सही करायला कागद पाठवला होता की आता माझी काही तक्रार नाही, तो मात्र तसाच परत पाठवला.

आण्णांचा कोर्स जुलैमध्ये संपला. शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा सर व्हरांड्यात पोरांना घेऊन उभे होते, आण्णांना लांबनंच ओळखलं, "काय ड्रायव्हरसाहेब, आता कुठल्या कुशीवर?" ती केस सांगणारी मुलगी पण होती, तिनं स्वतःहून आण्णांची पाठ वाजवून बघितली, नखं कापलेली होती.

आता दर दहा दिवसांनी आम्ही गाडी मिरजेच्या पुढं सोलापूरच्या हायवेला काढतो, कवठेमहांकाळपर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत. पुढच्या सीटवर आण्णा, काच थोडी खाली करून आवाज ऐकत. त्यांनी मान हलवल्याशिवाय मी चावी काढत नाही. दिवा परत लागलेला नाही.

परवा सर्व्हिसला गाडी दिली. आण्णा बरोबर होते, पोराला म्हणाले रोज किती चालते ते लिहून घे की बाबा. तो म्हणाला जॉब कार्डवर तसला रकानाच नाही. मग आण्णांनी त्याच्याच खिशातलं पेन घेतलं आणि 'इतर' म्हणून एक बारकी जागा होती तिथं स्वतः लिहिलं, रोज ४ किलोमीटर, चार वेळा.